पिल्टनच्या कुरणात चार रात्री

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, सॉमरसेट परगण्यात, पिल्टन नावाचे एक खेडे आहे. खेड्याला लागून वर्दी फार्म हे दुभत्या गाईंचे मोठे शेत आहे. वर्षातील बहुतेक काळ तेथील हिरव्या उतारांवर गाई चरत असतात. जूनच्या अखेरच्या आठवड्यात मात्र त्यांची कुरणे रिकामी केली जातात आणि तेथे सुमारे दोन लाख माणसे येऊन राहतात, त्यांतील बहुतेक तंबूंमध्ये. हाच ग्लास्टनबरीचा संगीत महोत्सव. ज्या गावाचे नाव त्याला मिळाले ते गाव वास्तविक तेथून दहा किलोमीटरांवर आहे. त्या गावाची टेकडी आणि तिच्या माथ्यावरचा जुना मनोरा कुरणांतून दिसतो, एवढाच काय तो संबंध.

महोत्सवाचा आरंभ १९ सप्टेंबर १९७० रोजी झाला. शेताचे मालक मायकेल ईव्हिस तेव्हा पस्तिशीच्या घरात होते. तिकीट एक पौंडाचे, आणि त्यातच शेतावरचे दूध फुकट. सुमारे पंधराशे श्रोते आले. १९८१ साली येथे जो पिरॅमिडच्या आकाराचा रंगमंच उभारला गेला, तो उन्हाळ्यात गाण्यासाठी आणि एरवी गुरे व वैरण ठेवण्यासाठी वापरला जाई. शेतकऱ्याने उभारलेली वास्तू म्हणतात ती अशी. दर काही वर्षांनी जमिनीला विश्रांती म्हणून महोत्सव भरविला जात नाही. २०१८ साली तो नव्हता, २०२६ सालीही नाही.

आम्ही पती-पत्नी १९७७ पासून इंग्लंडमध्ये आहोत आणि ब्रिस्टलमधील आमचे घर पिल्टनपासून जेमतेम चाळीस किलोमीटरांवर आहे. मी येथील सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिका होते. यजमान स्थापत्य अभियंते होते. इतक्या वर्षांत या महोत्सवाला जाण्याचे आमच्या मनातही आले नव्हते. तो तरुणांचा, चिखलाचा आणि कर्कश वाद्यांचा मामला, अशीच आमची समजूत होती. आमचे संगीत म्हणजे घरातला तबला. सांगलीला असताना यजमान तो शिकले आणि ब्रिस्टलमधील मराठी मंडळींच्या बैठकींत चाळीस वर्षे वाजवीत राहिले. २०१७ साली त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. पार्किन्सन्सचे निदान झाले. पुढच्या दोन वर्षांत तबल्यावर खोळ चढली ती पुन्हा निघाली नाही.

महोत्सवाची गोष्ट निघाली ती एका जुन्या ध्वनिमुद्रणावरून. १५ ऑगस्ट १९६९ रोजी अमेरिकेतील वुडस्टॉक महोत्सवात पंडित रविशंकर यांनी भर पावसात सतार वाजविली, साथीला उस्ताद अल्लारखाँ होते. तोही महोत्सव एका दूधवाल्या शेतकऱ्याच्याच कुरणात झाला होता. ते ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता यजमान सहज म्हणाले, “उघड्या माळावर, हजारो माणसांत बसून आपण कधी काही ऐकलेच नाही.” आमची मुलगी जवळच होती. ती म्हणाली, “बाबा, ग्लास्टनबरीला चला.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी जे दिसले, ते पाहून ‘नाही’ म्हणणे जड गेले. त्याच वेळी परिचारिकेच्या डोळ्यांसमोर तंबूच्या दोऱ्या, रात्रीचा काळोख आणि मोडलेले खुब्याचे हाड उभे राहिले.

मुलाचा विरोध होता. तो लंडनहून फोनवर म्हणाला, “आई, बाबांना घरात न्हाणीघरापर्यंत जाताना आधार लागतो आणि तू त्यांना शेतात झोपवणार?” त्याचे म्हणणे अवास्तव नव्हते. त्या संभाषणात एकच गोष्ट मला खटकली. आम्ही तिघे त्यांच्याविषयी बोलत होतो आणि ते समोर बसून ऐकत होते. दीर्घ आजाराच्या घरात हे फार सहज घडते. आजाऱ्याची औषधे, जेवण, झोप आपण सांभाळतो. मग त्याच्या इच्छाही आपणच सांभाळू लागतो आणि सांभाळता सांभाळता त्या कपाटात ठेवून देतो. मी फोन त्यांच्या हाती दिला. ते मुलाला म्हणाले, “पडायचे असेल तर मी घरातही पडेन. तू येऊन दोरी बांधायला मदत कर.” मुलगा काही आला नाही, पण विरोधही पुन्हा केला नाही.

आता तिकिटांविषयी. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जूनमधील सुख नोव्हेंबरात ठरते. येथे दारावर तिकीट मिळत नाही. प्रत्येकाला आधी आपल्या छायाचित्रासह नाव नोंदवावे लागते आणि ते छायाचित्र तिकिटावर छापलेले येते. काळाबाजार थांबविण्यासाठी २००७ साली ही पद्धत सुरू झाली. एकाचे तिकीट दुसऱ्याला चालत नाही. म्हणून वृद्ध माणसाचे नाव नोंदविताना ‘बघू, नंतर ठरवू’ असे म्हणून चालत नाही. नोंदणीला पैसे पडत नाहीत, तेव्हा ती आधीच करून ठेवावी. विक्रीच्या दिवशी ज्यांची नोंदणी आहे, अशा सहा जणांपर्यंतची तिकिटे एकाला एकदम घेता येतात.

२०२४ च्या महोत्सवाची मुख्य विक्री १९ नोव्हेंबर २०२३ रोजी रविवारी सकाळी नऊ वाजता उघडली. मराठी वाचकांना ही तारीख वेगळ्याच कारणाने आठवत असेल. त्या दिवशी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि येथील घड्याळाप्रमाणे तो साडेआठला सुरू झाला होता. घरात एका पडद्यावर भारताची फलंदाजी आणि दुसऱ्यावर तिकिटांची पांढरी पाटी, असे दृश्य होते. सर्व तिकिटे तासाभराच्या आत संपली. आमच्या मुलीला यजमानांचे आणि तिचे स्वतःचे अशी दोन मिळाली. सामन्याचे काय झाले ते सांगायला नकोच. तिकीट ३५५ पौंडांचे, वर पाच पौंड आकार, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३८,००० रुपये. विक्रीच्या दिवशी ७५ पौंड भरायचे आणि बाकीची रक्कम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ज्यांना त्या रविवारी तिकीट मिळत नाही, त्यांच्यासाठी परत आलेली तिकिटे एप्रिलमध्ये पुन्हा विक्रीस निघतात.

माझे तिकीट त्यांत नव्हते आणि ते मुद्दामच. ज्यांना शारीरिक अडचणीमुळे सोबतीवाचून वावरता येत नाही, त्यांच्या काळजीवाहकाला येथे विनामूल्य प्रवेश असतो. त्यासाठी कागदपत्रांसह वेगळा अर्ज करावा लागतो. अपंग व आजारी व्यक्तींसाठी राखलेल्या छावणीत जागा मिळविण्याचा मार्गही हाच. हा अर्ज भरताना यजमान अडले. “मला अपंग म्हणून जायचे नाही,” असे त्यांनी दोन दिवस धरून ठेवले. मी वाद घातला नाही. अर्जातले प्रश्नच त्यांना वाचून दाखविले. रात्री किती वेळा उठावे लागते? किती पावले आधाराशिवाय चालता येते? गर्दीत उभे राहता येते का? त्यांनी एकेका प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या तोंडाने दिले आणि शेवटी सही स्वतःच्या हाताने केली. कंपामुळे ती सही आता मुंगीएवढी होते, पण केली. मंजुरी येईपर्यंतचे आठवडे मला मोठे वाटले, कारण ती न मिळती तर बेत तेथेच संपला असता.

मेमध्ये आम्ही घरामागच्या हिरवळीवर तंबू ठोकून एक रात्र काढली. शेजारच्या बाई कुंपणावरून पाहून हसल्या, पण त्या एका रात्रीने जे शिकविले ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. एक म्हणजे खाट. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या खाटा जमिनीपासून वीतभरच उंच असतात. वृद्ध माणूस त्यांवर बसू शकतो, उठू मात्र शकत नाही. आम्ही यजमानांच्या नेहमीच्या खुर्चीची उंची मोजली आणि तेवढीच, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची खाट शोधली. दुसरे म्हणजे अंथरूण. झोपायच्या पिशवीत पार्किन्सन्सच्या रुग्णाला कूस वळता येत नाही, ते अक्षरशः बांधल्यासारखे होते. म्हणून खाली साटिनची निसरडी चादर आणि वर आईच्या हातची गोधडी. साटिनवर अंग सरकते, वळायला कष्ट पडत नाहीत. जूनमध्येही तेथे रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा गोधडी काही शोभेची नव्हती.

तिसरी अडचण उंबऱ्याची. तंबूच्या दाराशी तळाचे कापड चार बोटे उंच येते आणि पाणी आत येऊ देत नाही. निरोगी माणसाच्या ते लक्षातही येत नाही. यजमान त्यापुढे थिजले. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना हे थिजणे ठाऊक असेल. मन पुढे जायला सांगते आणि पाऊल जमिनीला चिकटून राहते. अरुंद दार, वळण, उंबरा अशा ठिकाणी ते विशेष घडते. अशा वेळी हात धरून ओढले तर माणूस पडतो. आमच्या भौतिकोपचार तज्ज्ञ बाईंनी शिकविले होते की थांबावे, वजन एका पायावर घ्यावे, आणि जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायची आहे असे मनात आणावे किंवा ताल मोजावा. तालाने आणि समोरच्या रेघेने पाऊल सुटते, हे या आजारात पुष्कळांच्या अनुभवाला येते आणि उपचारांतही त्याचा उपयोग करतात. त्या रात्री दोन वाजता, हिरवळीवर, त्या चार बोटांच्या उंबऱ्यापुढे उभी राहून मी हलक्या हाताने टाळी देत त्रितालाचा ठेका म्हटला. ‘धा धिं धिं धा’ चे दुसरे आवर्तन सुरू झाले आणि त्यांचे पाऊल समेवर उचलले गेले. ते म्हणाले, “खाली बरोबर दाखवलीस, पण लय ओढतेस.” सात वर्षांत तबल्याविषयी त्यांनी मला काढलेली ती पहिली चूक.

औषधांचे नियोजन मी कागदावर केले. त्यांची मुख्य गोळी लेव्होडोपाची, दिवसातून पाच वेळा: सात, साडेदहा, दोन, साडेपाच आणि नऊ. या आजारात वेळ चुकणे म्हणजे केवळ एक गोळी मागेपुढे होणे नव्हे. अर्ध्या तासाच्या उशिरानेही माणूस खुर्चीला खिळू शकतो. शिवाय डाळ, पनीर, मांस यांसारख्या भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर ही गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून आमच्याकडे ती जेवणाच्या अर्धा तास आधी दिली जाते. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवल्या आणि त्यांचे दोन संच करून एक माझ्या झोळीत, दुसरा मुलीच्या पाठपिशवीत ठेवला. फोनचा गजर गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून मनगटावर थरथरणारे घड्याळ बांधले. यजमानांच्या गळ्यात एक कार्ड अडकविले आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले की, उलटी झाल्यास मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देऊ नये. मळमळीवरची ही नेहमीची औषधे पार्किन्सन्सची लक्षणे वाढवितात. घाईच्या प्रथमोपचारात ती दिली जाण्याची शक्यता कोठेही असते, भारतातही. ज्यांच्या घरी हा रुग्ण आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून असे कार्ड प्रवासाला निघण्याआधी जरूर करून घ्यावे.

महोत्सवाची दारे बुधवारी, २६ जूनला सकाळी उघडली. पहिल्या दिवसाची रांग टाळण्यासाठी आम्ही गुरुवारी निघालो. तिकिटाची किंमत तीच राहते, आणि बरोबर रुग्ण असेल तर एक दिवस सोडून देण्यात शहाणपणच आहे. आमच्या छावणीचे नाव स्प्रिंग ग्राउंड. ती रंगमंचांपासून बाजूला असली तरी तेथे चाकाच्या खुर्चीला सोयीची स्वच्छतागृहे, न्हाणीघरे आणि अहोरात्र मदतनीस होते. औषधे थंड ठेवण्याची सोयही होती. आमच्याजवळच्या तंबूतील एका तरुण मुलीचे इन्सुलिन तेथे ठेवलेले असे. मुलीने तंबू उभारला, दोऱ्यांना मी जुन्या पांढऱ्या धोतराच्या चिंध्या बांधल्या, म्हणजे संध्याकाळच्या अंधुक उजेडातही त्या दिसाव्यात. शेजारच्या मंडळींना ती काही धार्मिक प्रथा वाटली. कारण समजल्यावर त्यांनी उरलेल्या चिंध्या मागून घेतल्या.

हे शेत किती मोठे आहे याची कल्पना नकाशावरून येत नाही. नऊशे एकरांहून अधिक विस्तार आणि तोही चढउतारांचा. एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे जायला धडधाकट माणसालाही अर्धा तास सहज लागतो. वाटांवर जागोजागी खाचा असलेली धातूची फळी अंथरलेली असते. त्यांवरून चाकाची खुर्ची दणके घेत जाते, पण एक गंमत घडली. यजमान खुर्चीतून उतरून चालू लागले की त्या आडव्या खाचा त्यांच्या पायांना रेघांसारख्या मिळत आणि पाऊल अडत नसे. हिरवळीवर अडणारा माणूस लोखंडी वाटेवर चालत होता. आम्ही दिवसाला एकच मोठा कार्यक्रम आणि फार तर एखादा छोटा, असा नेम ठेवला. तरुणांच्या कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसात आठ-दहा नावांना खुणा केलेल्या असतात. आमच्यात दुपारी दोन ते साडेचार हा वेळ झोपेसाठी राखून ठेवला होता आणि तो कोणाच्याही गाण्यासाठी मोडला नाही.

त्या वर्षी पाऊस जवळजवळ नव्हता. १९९७ किंवा २०१६ चा गुडघाभर चिखल ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या दृष्टीने हे भाग्यच. पण उन्हाचाही त्रास असतोच. या आजारात उभे राहताच रक्तदाब खाली येतो आणि शरीरात पाणी कमी झाले तर चक्कर ठरलेली. २०१९ पासून येथे एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांतून पाणी विकले जात नाही. जागोजागी नळ आहेत, आपली बाटली आपण भरायची. मी त्यांना दर तासाला पाणी देत असे. उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, मग उभे राहायचे, हा घरचा नियम तेथेही चालविला. पाणी अधिक प्यायले की रात्री उठणे अधिक, हे ओघानेच आले. त्यासाठी खाटेशेजारी झाकणाची लघवीची बाटली होती. हे लिहायला संकोच वाटत नाही. पुष्कळ वृद्ध याच एका भयाने प्रवासाला नाही म्हणतात आणि कारण मात्र गुडघ्यांचे सांगतात.

शुक्रवारी संध्याकाळी पिरॅमिड रंगमंचावर मरिना अब्रामोविच आल्या. सत्याहत्तर वर्षांच्या या कलावतीने गायिले काहीच नाही. शांततेसाठी सात मिनिटे मौन पाळावे, अशी त्यांनी त्या अफाट जनसमुदायाला विनंती केली. पांढऱ्या वस्त्रात त्या हात पसरून उभ्या राहिल्या तेव्हा वस्त्राचा आकार शांतिचिन्हासारखा झाला. समोरचा हजारोंचा समुदाय खरोखर निःशब्द झाला. दूरच्या रंगमंचांवरचे ढोल तेवढे अस्पष्ट ऐकू येत होते. माझ्या शेजारी यजमानांचा हात खुर्चीच्या कडेवर कापत होता आणि त्या शांततेत त्याची टकटक मला ऐकू येत होती. ती रोजचीच, पण त्या दिवशी प्रथम नीट ऐकली. ती लयीत होती, एका सेकंदाला चार-पाच ठोक्यांची. सहाव्या मिनिटाला ते कानाशी पुटपुटले, “हा द्रुत आहे, माझ्या हातात असता तर विलंबित केला असता.”

काळजीवाहकाच्या विश्रांतीविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा सल्ल्याच्या स्वरूपात. प्रत्यक्ष वेळ देणारा कोणी असेल तरच त्याला अर्थ. शुक्रवारी रात्री मुलीने मला तंबूतून बाहेर काढले. “आई, आता तीन तास तू कोणाची नर्स नाहीस.” मी एकटी निघाले. मोठ्या रंगमंचाकडे मी वळलेच नाही. दक्षिणेकडील उंचवट्यावर दगडांचे एक वर्तुळ आहे, १९९२ साली रचलेले. तेथे जाऊन बसले. खाली दिव्यांचे शहर पसरले होते. कोणीतरी बासरी वाजवीत होते, चांगले वाजवीत नव्हते. माझ्या हातात चहाचा पेला होता आणि सात वर्षांत पहिल्यांदा घड्याळाकडे न पाहता मी तो संपविला. परतले तेव्हा नऊची गोळी वेळेवर दिलेली होती आणि बापलेक पत्ते खेळत होते.

शनिवार, २९ जून. दुपारी यजमानांच्या बहिणीचा आळंदीहून निरोप आला. त्याच दिवशी माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते आणि वन्सं आपल्या दिंडीबरोबर निघाल्या होत्या. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनी राहुटीचे छायाचित्र धाडले होते. यजमानांनी आमच्या तंबूचे छायाचित्र परत धाडले. उत्तर आले, “दादा, तुझी राहुटी आमच्यापेक्षा बरी दिसते, पण पाण्याचा टँकर कुठाय?” ते बराच वेळ हसत होते. वारीतल्या वृद्धांची काळजी दिंडीच घेते, तेथे कोणी अर्ज भरीत नाही. येथे तीच काळजी कागदावर मागावी लागते. मागितली तर मिळते, हेही खरे.

त्या रात्री पिरॅमिडवर कोल्डप्ले या गटाचा कार्यक्रम होता. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी उंच चौथरा असतो, पण तेथे जागा मर्यादित आणि एका व्यक्तीबरोबर एकच सोबती. आम्ही दोन तास आधी जाऊन बसलो. मुलगी खाली गर्दीत. नऊची गोळी, गरम पेज, पाठीवर गोधडी. खरे सांगायचे तर ते संगीत मला फारसे कळले नाही. प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचे कडे होते आणि ती हजारो कडी एकदम रंग बदलीत. डोळ्यांना ते सुंदर होते, कानांना मात्र मी कापसाचे बोळे घातले होते. कार्यक्रम उतरणीला लागला असता चाकाच्या खुर्चीतून एक गृहस्थ रंगमंचावर आले, मांडीवर गिटार. पडद्यावर चेहरा मोठा दिसला आणि भोवतीच्या माणसांतून आरोळी उठली. ते मायकेल जे. फॉक्स होते. हे अमेरिकन अभिनेते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांना पार्किन्सन्स झाला. त्यांनी तो १९९८ साली जगाला सांगितला आणि तेव्हापासून या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभा करीत आले आहेत.

पडद्यावर त्यांचा हात दिसत होता. तो स्थिर नव्हता, पण तारांवर पडत होता. यजमानांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर त्या हातावर खिळली होती. थोड्या वेळाने त्यांनी आपला उजवा हात गोधडीतून बाहेर काढला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि गाण्याबरोबर बोटे टेकवू लागले. कंप होताच. कधी ठोका हुकत होता, कधी दोन पडत होते. शेजारच्या खुर्चीत मणक्याच्या दुखण्याने अधू झालेला एक तरुण होता. त्याने विचारले, “तुम्ही वाजवता का?” यजमान म्हणाले, “हो.” वर्तमानकाळात म्हणाले.

रविवार फारसा सांगण्यासारखा नाही. थकवा आला होता, पायांना सूज होती, दुपारच्या झोपेनंतर उठायलाच संध्याकाळ झाली. आम्ही छावणीतच बसून राहिलो आणि वाऱ्यावर येईल ते ऐकले. दीर्घ आजारात चार दिवसांच्या प्रवासाची किंमत नंतरच्या आठवड्यात मोजावी लागते. ती आम्हीही मोजली. घरी आल्यावर सहा दिवस त्यांचे चालणे मंदावलेले होते, डॉक्टरांनी तपासून केवळ विश्रांती सांगितली. ज्यांना बेत करायचा असेल त्यांनी पुढचा आठवडाही मोकळा ठेवावा. कोणाच्या लग्नाला किंवा तपासणीला त्यातला दिवस देऊ नये.

सोमवारी पहाटेपासून निघणाऱ्या गाड्यांची रांग लागते. आम्ही घाई केली नाही. सातची गोळी, चहा, साडेदहाची गोळी, मग मुलीने तंबूच्या दोऱ्या सोडल्या. यजमान खुर्चीत बसून पांढऱ्या चिंध्या एकेक सोडवीत होते. गाठ सोडविणे हे त्यांना आता फार कठीण, पण कोणी हात लावायचा नाही असे त्यांनी बजावले होते. सव्वा तास लागला. दुपारपर्यंत भोवतीचे कुरण बरेच मोकळे झाले. सोडलेल्या चिंध्यांची त्यांनी नीट घडी केली आणि मुलीच्या हाती दिली. ब्रिस्टलला पोचल्यावर तबल्याची खोळ काढून वादीचा ताण तपासायचा आहे, एवढेच ते गाडीत बोलले आणि मग झोपले.